पाण्यावरची रेघ : अमेरिकेच्या भ्रूणीय स्टेम सेल विधेयकाचे प्रकरण

हे प्रकरण कशासाठी

भ्रूणापासून मिळणाऱ्या स्टेम सेलवरच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा का, हा प्रश्न कुठल्याही वर्गात टाकला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एकीकडे पार्किन्सनने थरथरणारे हात, दुसरीकडे गोठवलेला पाच दिवसांचा भ्रूण. या वादात एक साधा प्रश्न नेहमी मागे राहतो : सरकारने पाठिंबा द्यायचा ठरवलाच, तर तो कोणत्या कागदावर लिहायचा? कायद्यात, आदेशात, की मार्गदर्शक सूचनांत? अमेरिकेत २००१ ते २०१३ या काळात जे घडले त्यात माझ्या मते सगळी गाठ इथेच पडली. म्हणून त्यातले एक विधेयक, त्याच्या आधीची वर्षे आणि नंतरची वर्षे इथे सलग मांडली आहेत.

राष्ट्राध्यक्ष, संसद सदस्य, न्यायाधीश आणि शास्त्रज्ञ यांची सार्वजनिक नोंदीतली नावे दिली आहेत. भ्रूण देणारी जोडपी, रुग्ण आणि प्रयोगशाळांत राबणारी माणसे यांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून स्टेम सेल वेगळ्या करून त्या प्रयोगशाळेत वाढवत ठेवता येतात हे दाखवले. फलनानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशींचा पोकळ गोळा असतो. त्याच्या आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो. हा पुंजका काढून योग्य परिस्थितीत वाढवला तर त्या पेशी वर्षानुवर्षे विभागत राहतात आणि त्यांच्यापासून हृदयाची, चेतातंतूंची, स्वादुपिंडाची, जवळपास कुठलीही पेशी घडवता येते. एका भ्रूणातून निघालेल्या अशा वाढत्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात. पण पुंजका काढला की भ्रूण संपतो. वादाचे मूळ तेवढेच आहे, आणि ते झाकून पुढे जाता येत नाही.

थॉमसन यांचे भ्रूण वंध्यत्वावरच्या उपचारातून उरलेले होते, जोडप्यांनी संमतीने दिलेले. काम मात्र सरकारी पैशाने झाले नव्हते. त्यासाठी त्यांनी वेगळी प्रयोगशाळा उभारली आणि खाजगी पैसा आणला, कारण १९९६ पासून केंद्रीय आरोग्य खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला दरवर्षी एक अट जोडली जात होती. आर्कान्सचे जे डिकी आणि मिसिसिपीचे रॉजर विकर या दोन सदस्यांच्या नावाने ती ओळखली जाते. संशोधनासाठी भ्रूण तयार करणे, किंवा ज्या संशोधनात भ्रूण नष्ट होतो, टाकला जातो किंवा जाणूनबुजून धोक्यात घातला जातो अशा कामाला केंद्राचा पैसा द्यायचा नाही, असे ती अट सांगते.

जानेवारी १९९९ मध्ये आरोग्य खात्याच्या विधी सल्लागार हॅरिएट रॅब यांनी त्या अटीचा अर्थ लावला. भ्रूणातून पेशी काढणे वेगळे आणि काढून झालेल्या पेशींवर काम करणे वेगळे. स्टेम सेल म्हणजे भ्रूण नव्हे, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या कामाला पैसा देता येईल. पुढची बारा-चौदा वर्षे सारे काही या एका अर्थावर उभे राहिले. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, या केंद्रीय संस्थेने ऑगस्ट २००० मध्ये त्यानुसार नियम काढले. त्यांतून पैसा वाटला जाण्याआधीच सरकार बदलले.

९ ऑगस्ट २००१ च्या रात्री जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी टेक्सासमधल्या आपल्या शेतावरून देशाला उद्देशून भाषण केले. त्या रात्री ९ वाजेपर्यंत ज्या सेल लाइन तयार झाल्या असतील त्यांच्यावरच्या संशोधनाला केंद्राचा पैसा मिळेल, त्यानंतरच्या नव्या लाइनींना नाही, असा निर्णय त्यांनी जाहीर केला. ज्या भ्रूणांचा जीव आधीच गेला आहे त्यांच्यापासून होणारा लाभ नाकारायचा नाही, पण पुढे आणखी भ्रूण नष्ट होण्याला सरकारी पैशाचे आमिष द्यायचे नाही, असा त्यामागचा विचार होता. मला तो पटत नाही, तरी तो सुसंगत होता हे मान्य करावे लागते. बुश यांच्या बाजूने हा मध्यममार्गच होता. त्यांच्या समर्थकांपैकी अनेकांना एवढीही परवानगी नको होती.

अडचण

भाषणात साठाहून अधिक लाइन उपलब्ध असल्याचे सांगितले गेले. एनआयएचच्या यादीतला आकडा पुढे ७८ वर गेला. प्रत्यक्षात संशोधकाला मागवून मिळतील अशा लाइन निघाल्या २१-२२. काही नीट वाढल्याच नाहीत, काहींचे अजून फक्त गोठवलेले पुंजके होते, काहींच्या मालकीचे करार सुटत नव्हते.

या यादीत आपल्याकडची दोन नावे होती : मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ आणि बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसच्या ३ लाइन. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आखलेल्या वेळेच्या रेषेच्या अलीकडे भारतातल्या दहा लाइन सापडल्या याचे तेव्हा इथे कौतुक झाले. पण मागवता येण्याजोग्या म्हणून पुढे राहिलेल्या यादीत त्यांपैकी एकही नव्हती.

शिवाय जुन्या लाइन उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या होत्या. त्यांच्यात उंदराकडून आलेले शर्करेचे रेणू मिसळले आहेत आणि माणसाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिकार उभा राहू शकतो, हे २००५ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवले. जनुकीय विविधताही तोकडी होती. एखाद्या आनुवंशिक आजाराचा दोष असलेली लाइन हवी तर ती नव्याने काढावी लागणार, आणि नवी म्हटले की सरकारी पैसा बंद.

रोजच्या कामात याचा जाच कसा होत असे ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. सरकारी अनुदानातून घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली नव्या लाइनची बशी ठेवायची नाही. सरकारी फ्रीझरमध्ये तिची कुपी ठेवायची नाही. म्हणून एकाच विद्यापीठात दोन खोल्या, दोन इन्क्युबेटर, दोन हिशेबवह्या. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधिकेची हकिगत त्या काळात संसदेपर्यंत पोचली होती. नव्या लाइनींसाठी तिने वेगळी तात्पुरती जागा उभारली होती. तिथली वीज गेली. मुख्य प्रयोगशाळेत मोठे फ्रीझर होते, पण ते सरकारी अनुदानाच्या कक्षेत येत असल्याने पेशी तिकडे हलवता आल्या नाहीत. दोन वर्षांचे काम वितळून गेले.

दुसऱ्या बाजूला गोठवलेल्या भ्रूणांचा साठा वाढत होता. २००२ मधल्या मोजणीनुसार अमेरिकेतल्या वंध्यत्व केंद्रांत सुमारे ४ लाख भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेले होते. हा आकडा समर्थकांच्या प्रत्येक भाषणात येई. त्याच मोजणीतली दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाई : त्यांतले ८८ टक्क्यांहून अधिक भ्रूण जोडप्यांनी स्वतःच्या पुढच्या मुलासाठी राखले होते. संशोधनाला द्यायचे म्हणून ठरलेले फक्त २.८ टक्के, म्हणजे ११ हजारांच्या आसपास.

समोरचे पर्याय

२००४ मध्ये वारे फिरू लागले. प्रतिनिधिगृहाच्या २०६ सदस्यांनी एप्रिलमध्ये बुश यांना पत्र लिहून धोरण सैल करायची विनंती केली. जूनमध्ये ५८ सिनेटरांनी तशीच विनंती केली. त्याच महिन्यात अल्झायमरने आजारी असलेले माजी राष्ट्राध्यक्ष रेगन वारले. त्यांच्या पत्नी नॅन्सी रेगन आधीच उघडपणे या संशोधनाच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. समर्थकांपुढे तेव्हा काय काय वाटा होत्या?

डिकी-विकर अटच काढून टाकणे ही सर्वांत सरळ वाट. तसे झाले असते तर पेशी काढण्याच्या कामालाही केंद्राचा पैसा मिळाला असता. पण ही अट खर्चाच्या विधेयकाला चिकटलेली. ती काढायची तर सगळ्या आरोग्य खात्याचा पैसा अडवून धरण्याची तयारी हवी. शिवाय "भ्रूण मारायला सरकार पैसा देणार" हे वाक्य विरोधकांच्या हाती आयते गेले असते. ही वाट कोणी गांभीर्याने धरली नाही.

उपचारासाठीच्या क्लोनिंगलाही परवानगी मागणे ही दुसरी वाट. रुग्णाच्याच पेशीचे केंद्रक अंडपेशीत घालून त्याच्याशी जुळणाऱ्या स्टेम सेल मिळवण्याचा तो मार्ग. सिनेटमध्ये ऑरिन हॅच आणि डायान फाइनस्टाइन यांनी तसे विधेयक आणलेही होते. प्रतिनिधिगृहाने मात्र २००१ आणि २००३ मध्ये दोनदा सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगवर बंदीच्या बाजूने मत दिले होते. ही मागणी गळ्यात अडकवून घेतली असती तर सारेच बुडाले असते.

राज्यांवर सोपवणे ही तिसरी वाट, आणि ती चालूही झाली होती. २ नोव्हेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ५९ टक्के मतांनी ३ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. त्या मोहिमेचे पुढारी रॉबर्ट क्लाइन हे घरबांधणी व्यावसायिक, मुलाला टाइप १ मधुमेह. केंद्राने दार लावले म्हणून एका राज्याने स्वतःची भिंत फोडून वाट काढली. पण कोर्टकचेऱ्यांत ते रोखे २००७ पर्यंत अडकून पडले, आणि ज्या राज्यांकडे कॅलिफोर्नियाची तिजोरी नव्हती तिथल्या संशोधकांना यातून काहीच मिळणार नव्हते.

चौथा पर्याय विरोधक पुढे करत : प्रौढ शरीरातल्या आणि नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलवर भर द्या, भ्रूणाला हात लावू नका. नाळेच्या रक्ताचे विधेयक प्रतिनिधिगृहात ४३१ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. उपयोगी विधेयक होते. पण त्या पेशींना भ्रूणीय पेशींची सर्व कामे जमत नाहीत, आणि "हे दिले, आता ते मागू नका" असा त्याचा वापर झाला.

शेवटी समर्थकांनी सर्वांत अरुंद वाट निवडली. फक्त बुश यांनी घातलेली तारखेची मर्यादा काढून टाकायची.

काय केले

रिपब्लिकन पक्षाचे डेलावेअरचे माइक कॅसल आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कोलोरॅडोच्या डायाना डिगेट यांनी मिळून २००५ मध्ये विधेयक क्रमांक ८१० मांडले. विधेयक जेमतेम काही परिच्छेदांचे. गाभा असा : इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी आरोग्यमंत्री मानवी भ्रूणीय स्टेम सेलवरच्या संशोधनाला पाठिंबा देतील, मग त्या पेशी कोणत्याही तारखेला काढलेल्या असोत. अटी तीन. भ्रूण वंध्यत्वावरच्या उपचारासाठीच तयार केलेला आणि गरजेपेक्षा जास्त झालेला असावा. जोडप्याशी बोलून तो कधीच गर्भाशयात सोडला जाणार नाही, टाकूनच दिला जाणार आहे, याची खात्री झालेली असावी. आणि जोडप्याने पैसा वा कसलेही प्रलोभन न घेता लेखी संमती दिलेली असावी.

"इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी" हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

२४ मे २००५ रोजी प्रतिनिधिगृहात मतदान झाले. बहुमतातल्या रिपब्लिकन पक्षाचे नेते टॉम डिले स्वतः विरोधात बोलले, तरीही त्यांच्या पक्षाचे ५० सदस्य विधेयकाच्या बाजूने गेले. २३८ विरुद्ध १९४. त्यानंतर जुलैमध्ये सिनेटमधले रिपब्लिकन नेते बिल फ्रिस्ट यांनी आपण पाठिंबा देणार असल्याचे सभागृहात सांगितले. फ्रिस्ट हे हृदय आणि फुप्फुस प्रत्यारोपण करणारे शल्यचिकित्सक, गर्भपाताचे विरोधक, आणि २००१ मध्ये बुश यांच्या बाजूने उभे राहिलेले. हॅच यांचीही भूमिका अशीच होती. गर्भपाताला ठाम विरोध असलेली माणसे टाकून दिल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या बाबतीत वेगळा विचार करू शकतात, हे या विधेयकाने दाखवले. माझ्या दृष्टीने अरुंद मसुद्याची ती सर्वांत मोठी कमाई.

तरी सिनेटमध्ये मतदानाला आणखी वर्ष गेले, आणि या वर्षात दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचा घोटाळा उघड झाला. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेम सेल काढल्याचा त्यांचा दावा बनावट निघाला. विधेयकाचा क्लोनिंगशी संबंध नव्हता, पण सामान्य माणसाच्या मनात हे सगळे एकच होते.

जून २००६ अखेर सिनेटमध्ये तडजोड झाली. तीन विधेयके एकत्र येतील, दुरुस्त्या नाहीत, प्रत्येकाला ६० मते हवीत. पहिले कॅसल-डिगेट यांचे. दुसरे भ्रूण नष्ट न करता तशाच पेशी मिळवण्याच्या संशोधनाला पाठिंबा देणारे. तिसरे संशोधनासाठी गर्भ वाढवण्यावर बंदी घालणारे. १८ जुलैला दुसरे आणि तिसरे १०० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले, आणि पहिले ६३ विरुद्ध ३७. ही तडजोड केली नसती तर विधेयक सिनेटमध्ये आलेच नसते. पण तिच्यामुळे नकाराधिकार वापरतानाही बुश यांना दुसऱ्या हाताने काहीतरी सही करता आले.

१९ जुलैला तसेच झाले. व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये बुश यांच्याभोवती लहान मुले होती. उरलेले गोठवलेले भ्रूण दुसऱ्या जोडप्यांनी दत्तक घेतले आणि त्यांतून जन्मलेली ही मुले. ती सुटे भाग नाहीत, असे बुश यांनी सांगितले. गर्भ वाढवण्यावरच्या बंदीवर सही झाली, कॅसल-डिगेट विधेयक परत गेले. त्यांच्या कारकिर्दीतला हा पहिला नकाराधिकार. प्रतिनिधिगृहाने त्याच दिवशी तो उलटवायचा प्रयत्न केला : २३५ विरुद्ध १९३. त्यासाठी लागणाऱ्या दोन तृतीयांशाला ५१ मते कमी.

त्या मुलांचे दृश्य समर्थकांना पेलले नाही, आणि याचे मला वाईट वाटते, कारण उत्तर विधेयकातच होते. ज्या जोडप्याला आपला भ्रूण दुसऱ्याला द्यायचा आहे त्याच्या वाटेत हे विधेयक येतच नव्हते. फक्त "टाकून द्या" असे लिहून देणाऱ्या जोडप्यापुढे ते आणखी एक रकाना ठेवत होते.

निकाल

२००७ मध्ये संसद डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. विधेयक पुन्हा आले. सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ३४, प्रतिनिधिगृहात २४७ विरुद्ध १७६. २० जून २००७ रोजी बुश यांनी तेही परत पाठवले. नोव्हेंबरमध्ये क्योतोचे शिन्या यामानाका आणि थॉमसन या दोघांच्या गटांनी माणसाच्या साध्या त्वचेसारख्या पेशींना मागे नेऊन भ्रूणीय पेशींसारखे बनवता येते हे दाखवले. अनेकांनी वाद संपल्याचे जाहीर केले. पण या नव्या पेशी कितपत खऱ्या भ्रूणीय पेशींसारख्या आहेत हे ताडून पाहायलाही भ्रूणीय पेशीच लागत होत्या.

मग ९ मार्च २००९ उजाडला. बराक ओबामा यांनी आदेश क्रमांक १३५०५ वर सही करून बुश यांची मर्यादा उठवली. जुलैत एनआयएचचे नवे नियम लागू झाले. हे नियम आणि कॅसल-डिगेट विधेयकातल्या अटी शेजारी ठेवून पाहिल्या तर नाते लगेच ओळखू येते : उपचारातून उरलेला भ्रूण, लेखी संमती, प्रलोभन नाही. दोनदा परत गेलेले विधेयक नियमांच्या रूपाने जिवंत राहिले. २ डिसेंबरला पहिल्या १३ नव्या लाइन मंजूर झाल्या.

इथे अनेक जण थांबतात. गोष्ट मात्र २३ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उलटी फिरली.

प्रौढ पेशींवर काम करणाऱ्या दोन संशोधकांनी, जेम्स शर्ली आणि थेरेसा डायशर यांनी, आरोग्य खात्यावर दावा लावला होता. भ्रूणीय संशोधनाला पैसा गेला की अनुदानाच्या स्पर्धेत आमचे नुकसान होते, आणि हा पैसा डिकी-विकर अटीचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे. वॉशिंग्टनचे केंद्रीय न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी त्या दिवशी स्थगिती दिली. भ्रूणातून पेशी काढणे आणि त्यांच्यावर काम करणे हे एकाच संशोधनाचे तुकडे आहेत, ते वेगळे काढता येत नाहीत, असे त्यांनी म्हटले. १९९९ मधल्या रॅब यांच्या अर्थालाच हा धक्का होता, त्यामुळे ओबामांचा आदेशच काय, बुश यांची २००१ ची मर्यादित परवानगीही संकटात आली. नवी अनुदाने थांबली. ९ सप्टेंबरला अपील न्यायालयाने स्थगितीला तात्पुरती स्थगिती दिली. मधल्या सतरा दिवसांत कुठल्याही प्रयोगशाळेला पुढच्या महिन्याची खात्री नव्हती. पेशी तर रोज खाद्य मागतात.

एप्रिल २०११ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी लॅम्बर्थ यांचा निर्णय उलटवला. अटीतले शब्द संदिग्ध आहेत आणि एनआयएचने लावलेला अर्थ वाजवी आहे, हे कारण. जुलैत लॅम्बर्थ यांनी ते मानून सरकारच्या बाजूने निकाल दिला. ७ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि खटला संपला. "वाजवी आहे" याचा अर्थ मात्र "एकमेव आहे" असा होत नाही. दुसरे सरकार दुसरा वाजवी अर्थ लावू शकते, ही फट तशीच राहिली.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक मला २००६ मध्ये दिसत नाही, २००९ मध्ये दिसते. तेव्हा दोन्ही सभागृहे अनुकूल होती, राष्ट्राध्यक्ष अनुकूल होते. २००७ मध्ये मंजूर झालेला मसुदा तयार होता. डिगेट आणि कॅसल यांनी नवे विधेयक मांडलेही. पण आदेश निघाला आहे, काम सुरू झाले आहे, आर्थिक मंदी आणि आरोग्य विम्याचे मोठे विधेयक समोर आहे, अशा वातावरणात ते मतदानाला आलेच नाही. ते आले असते आणि त्यात ते सहा शब्द, "इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी", राहिले असते तर डिकी-विकर अटीचा आधार घेऊन शर्ली आणि डायशर यांना न्यायालयात उभे राहणे फार अवघड गेले असते. आदेश ही पाण्यावरची रेघ असते, पुढचा येणारा ती पुसतो. समर्थकांना हे २००१ मध्येच कळायला हवे होते, कारण तेव्हा त्यांचे २००० चे नियम असेच पुसले गेले होते.

दुसरी जागा आश्वासनांची. २००४ च्या निवडणूक प्रचारात उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी सांगितले की आपले सरकार आले तर मणक्याच्या दुखापतीने लुळे पडलेले 'सुपरमॅन' नट ख्रिस्तोफर रीव्ह यांच्यासारखे लोक चाकाच्या खुर्चीतून उठून चालू लागतील. मणक्याच्या दुखापतीने खिळलेल्या एका कुटुंबाने ते ऐकून काय आशा बांधली असेल? भ्रूणीय पेशींपासून केलेल्या उपचाराचा पहिला रुग्ण नोंदला गेला ऑक्टोबर २०१० मध्ये, अटलांटात, आणि त्या कंपनीने पैशाअभावी नोव्हेंबर २०११ मध्ये ती चाचणी बंद केली. पार्किन्सनच्या १२ रुग्णांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले ते २०२५ मध्ये. विज्ञान पोचले, पण निवडणुकीच्या चालीने नव्हे. आणि या चाचणीतल्या पेशी थॉमसन यांच्या १९९८ च्या एच-९ या लाइनपासून केलेल्या होत्या, म्हणजे बुश यांच्या तारखेच्या अलीकडच्या. जुन्या लाइन निरुपयोगी आहेत, असे समर्थकांनी सरसकट म्हटले नसते तर बरे झाले असते. त्या अपुऱ्या होत्या. एवढेच खरे होते, आणि पुरेसेही होते.

तिसरी जागा संमतीपत्राची. या प्रकरणात मला सर्वांत शिकवणारी वाटते ती हीच. हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन यांनी खाजगी पैशाने अनेक लाइन काढल्या होत्या. डिसेंबर २००९ मध्ये एनआयएचने त्यांतल्या २७ मंजूर केल्या, पण मधुमेहाशी निगडित, स्वादुपिंडाच्या कामापुरत्याच. जोडप्यांनी सही केलेल्या कागदावर स्वादुपिंड कसे घडते याचा अभ्यास हा हेतू लिहिलेला होता, म्हणून. त्या लाइन हृदयाच्या संशोधकाला सरकारी पैशावर वापरता येणार नव्हत्या. काही संशोधक चिडले. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्या बाईने इंजेक्शने सोसली, ज्या जोडप्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांनी जे वाचून सही केली तेच पाळायला हवे. उणीव कागद लिहिणाऱ्याची होती. जिथे जोडपे राजी असेल तिथे व्यापक संमतीचा वेगळा रकाना ठेवायला हवा होता.

बुश यांच्या काळातल्या मंजूर लाइनींची संमतीपत्रे २००८ मध्ये तपासली गेली तेव्हा त्यांतल्या अनेकांत उणिवा सापडल्या. तारखेवर सगळ्यांनी भांडण केले, कागद फार थोड्यांनी वाचले.

आपल्याकडे

आपल्याकडे भ्रूणीय स्टेम सेल संशोधनासाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये आली, २०१३ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. उरलेल्या भ्रूणातून संमतीने लाइन काढता येते, चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवता येत नाही, संस्थेच्या समितीची मंजुरी लागते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत काढलेल्या किंड-१ आणि किंड-२ या लाइन याच मुंबईतल्या.

संसदेच्या कायद्यात हा विषय आला तो आडवाटेने. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याचे कलम २८ सांगते की भ्रूण दहा वर्षांहून अधिक काळ साठवायचा नाही. मुदत संपली की तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. कलम ३० प्रमाणे संशोधनासाठी तो देशाबाहेर पाठवता येत नाही. कॅसल-डिगेट यांना जी गोष्ट दोनदा मंजूर होऊनही कायद्यात आणता आली नाही, तिचा गाभा इथे वंध्यत्व केंद्रांच्या कायद्यात फारशा गाजावाजाशिवाय बसला आहे. लाइन काढल्यानंतर तिच्यावर काय करायचे, ती कोणाला द्यायची, हे मात्र अजून तत्त्वांवरच आहे.

कायदा लागू झाला त्या आठवड्यात पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या जोडप्याने भ्रूण गोठवले असतील तर त्यांची मुदत २०३२ च्या जानेवारीत भरेल. तेव्हा त्यांच्यापुढे एक कागद येईल. त्यावर "संशोधनासाठी" एवढाच एक शब्द असेल, की कोणत्या संशोधनासाठी, किती काळ, आणि मन बदलले तर काय, हेही मराठीत लिहिलेले असेल, ते केंद्रांच्या आणि समित्यांच्या बैठकांत आत्ता ठरवता येण्याजोगे आहे.